पांगून राहायचं असतं, जत्रा भरवायची नसते: आपल्या कॅम्पिंग ग्रुपला एक खुलं पत्र

प्रिय ॲडमिन मंडळी आणि ग्रुपमधले समस्त दादा, ताई, काका, काकू,

स.न.वि.वि.

खरं तर व्हॉट्सॲपवरच लिहिणार होतो, पण तिथे चार ओळींच्या वर काही टाकलं की मधेच कोणाचं तरी गुड मॉर्निंगचं फूल येतं, मग कोणाच्या तरी मुलीच्या अरंगेत्रमचे फोटो, मग सगळे अभिनंदन अभिनंदन, आणि विषय गेला वाहून. म्हणून हे उघड पत्र. ग्रुपचं नाव घेत नाही, जागेचंही मुद्दाम घेणार नाहीये, का ते पुढे येईलच. ज्यांना उद्देशून आहे त्यांना कुकरचा विषय निघाला की कळेल, आणि बाकीचे मराठी कॅम्पिंगवाले, मग ते आपल्यासारखे कोलोरॅडोतले असोत नाहीतर ॲरिझोना-वॉशिंग्टनकडचे, त्यांनी आपापलं बघून घ्यावं.

तर आपल्या जंगलातल्या कॅम्पिंग ट्रिपचा, जूनमधला तो शेवटचा रविवार. साडेदहाला आपण तंबू गुंडाळले, अकराला ग्रुप फोटो झाला, सव्वाअकराला गाड्या निघाल्या. मी कच्चा रस्ता संपवून डांबरीला लागतोय तेवढ्यात बायको म्हणाली, अरे कुकरची शिट्टी कुठाय. आता साडेआठ हजार फुटांवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं, तिथे तूरडाळ नुसत्या पातेल्यात ठेवली तर दुसऱ्या दिवसापर्यंत टणक राहते, म्हणून तर आपण कॅम्पला कुकर नेतो आणि शेजारचे अमेरिकन लोक शिट्टी ऐकून दचकतात. आणि त्या कुकरची शिट्टी इथे सहज मिळत नाही, इंडियन ग्रोसरीत मिळते ती भलत्याच मापाची. म्हटलं चल, वळव गाडी.

पोचेपर्यंत पाऊण तास गेला. जागेवर चिटपाखरू नव्हतं. आणि आपण जिथे शेकोटी केली होती त्या दगडांच्या गोल कड्यातून धूर येत होता. फार नाही, उदबत्तीचा येतो तेवढाच. वरनं राख ओली, पांढरट, आपण निघताना ज्या दोन बाटल्या पाणी ओतलं त्याची वर खपली धरलेली. मी काटकीने ती खपली उचकटली तर खाली लाल. कोमट बिमट नाही, लालबुंद. आणि दुपारचा वारा सुटलेला, आणि त्या कड्यापासून चार हातांवर पाँडेरोसा पाइनच्या सुयांची बोटभर जाड गादी, अशी वाळलेली की पाय ठेवला की कुरकुर वाजत होती.

मग आम्ही दोघांनी ओढ्यावरून पाणी आणलं. कशात, तर कुकरमधे. पाच लिटरचा कुकर, ओढा दीड-दोनशे पावलांवर, नऊ खेपा. ओतायचं, छोट्या फावड्याने ढवळायचं, चिखल करायचा, परत पाणी. सातव्या खेपेला फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे इथल्या सरकारी वनखात्याचा, पिकअप आला, त्यातनं एक रेंजर बाई उतरली, तिने विचारलं तुमची आग का. मी म्हटलं आमच्या ग्रुपची. ती काही बोलली नाही, खाली बसली, हात उलटा केला, तळवा नाही, मागची बाजू, आधी राखेच्या वर धरला, मग टेकवला, मग हळूहळू आत घातला, जवळजवळ मनगटापर्यंत. मग उठली आणि कड्याचे दगड बुटाने एकेक उलटे केले. दोन दगडांखालून वाफ आली. आम्ही आत एवढं पाणी ओतलं होतं पण दगडांखाली कोणाचं लक्षच नव्हतं. ती एवढंच म्हणाली की हाताला गरम लागतंय तोवर तुम्ही इथून हलायचं नाही. पावती फाडली नाही, गाडीचा नंबर मात्र लिहून घेतला. माझ्या गाडीचा.

ज्यांनी त्या दोन बाटल्या ओतल्या त्यांच्यावर मी चिडलेलो नाही, खरंच. त्यांच्या बघण्यात चूल विझवणं म्हणजे तेवढंच असतं. मी नंतर विचार केला तेव्हा वाटलं की आपलं तर उलटंच शिक्षण झालंय, विस्तव जिवंत कसा ठेवायचा हे आपल्याला पिढीजात येतं. माझी आजी रात्री निखारे एका बाजूला ओढून त्यावर राख दाबायची आणि पहाटे फुंकणीने दोन फुंका मारल्या की चूल पेटलेली. आपण रविवारी नेमकं आजीचं काम करून आलो. वर ओली राख दाबली, खाली विस्तव राखला, आणि वर वारा.

येताजाताना हायवे ६७ वर, वुडलँड पार्क ते डेकर्सच्या पट्ट्यात, दोन्ही बाजूला उघडेबोडके डोंगर लागतात, आठवतंय का? आपल्या गाडीत कोणीतरी विचारलं पण होतं की इथली झाडं कापली का. कापली नाहीत. ८ जून २००२ ला तिथे आग लागली, हेमन फायर म्हणतात तिला, १ लाख ३८ हजार एकर जळालं, १३३ घरं गेली. आपल्याला एकरात अंदाज येत नाही म्हणून सांगतो, बोरिवलीचं नॅशनल पार्क १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, त्याच्या पाचपट. आणि लावली कोणी, तर फॉरेस्ट सर्व्हिसच्याच एका कर्मचारी बाईने, आगबंदी चालू असताना. नवऱ्याचं पत्र जाळत होते असं तिचं म्हणणं होतं, पुढे तिने गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेली. वीसेक वर्षं उलटली तरी बऱ्याच उतारांवर झाडं परत आलेली नाहीत. तिकडची माती म्हणजे आपला मुरूमच, गुलाबी रंगाचा, पाइक्स पीक डोंगराच्या ग्रॅनाइटचा भुगा. झाडं गेली की पहिल्या मोठ्या पावसाला तो मुरूम राखेसकट धडाधड खाली येतो, आणि खाली कोण आहे तर चीझमन तलाव, म्हणजे डेन्व्हरचं पिण्याचं पाणी. म्हणजे ज्यांच्या घरी डेन्व्हरचं पाणी येतं त्यांनी तो डोंगर नळातून बघितलाय असं समजा.

बरं आता मूळ मुद्दा, नाहीतर मी आगीवरच लिहीत बसेन.

डिस्पर्स्ड कॅम्पिंग हा शब्द ग्रुपवर आपण सगळे वापरतो, "फ्री कॅम्पिंग" या अर्थाने. आणि दर वेळी नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यात गल्लत होते. नॅशनल पार्कमधे असं कुठेही तंबू ठोकता येत नाही. नॅशनल फॉरेस्ट हे वेगळं खातं, १९०५ पासून शेतकी खात्याकडे आहे, १५४ फॉरेस्ट्स आहेत आणि माळरानं वगैरे धरून १९ कोटी ३० लाख एकर जमीन, म्हणजे अख्खा महाराष्ट्र अडीच वेळा बसेल. यातल्या बऱ्याचशा भागात काय सोय आहे बघा: बुकिंग नाही, पैसे नाहीत, गेट नाही, कोणी नाव विचारत नाही. गाड्यांच्या रस्त्यांचा फॉरेस्ट सर्व्हिसचा फुकटचा नकाशा बघायचा, कुठल्या रस्त्याच्या कडेला गाडी किती आत नेता येते ते त्यावर असतं, त्या कच्च्या रस्त्याने जायचं, आधीच कोणी राहून टणक झालेली जागा बघायची आणि तंबू लावायचा. बहुतेक ठिकाणी १४ दिवसांपर्यंत राहा. बदल्यात तिथे काहीच नसतं. नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, टेबल नाही, फोनला रेंज नाही. स्वच्छ करायला पण कोणी येत नाही, कारण तिथे कोणी राहिलं होतं हेच मुळात कळायला नको अशी कल्पना आहे.

मला हे अजूनही चमत्कारच वाटतो, आठ वर्षं झाली तरी. आपण सह्याद्रीतले. आपल्याकडे राखीव जंगलात असा तंबू ठोकला तर १९२७ चा कायदा दाखवून वनखातं विचारू शकतं की बाबा परवानगी कुठाय, आणि त्यात त्यांचं चुकतं असं पण नाही, कारण आपण काय केलंय तेही बघितलंय. मी हरिश्चंद्रगडावर पहिल्यांदा गेलो तेव्हा कोकणकड्यावर तीन तंबू होते, तिघांची तोंडओळख झाली, रात्री एकाच स्टोव्हवर चहा झाला. शेवटचा गेलो तेव्हा तंबू मोजायचं सोडून दिलं आणि सकाळी कड्याच्या कडेला उभं राहून खाली बघायच्या ऐवजी पायाखाली बघत चालावं लागलं, कारणं सांगत नाही. पवनेच्या काठाचं तर बोलायलाच नको. म्हणजे आपल्याला दोन्ही टोकं माहितीयेत, आपण काही नवखे नाही.

डिस्पर्स्ड म्हणजे पांगलेलं. पाखरं पांगतात तसं. ही सगळी व्यवस्था त्या एका शब्दावर उभी आहे हो. दोन तंबू इथे, एक तिकडे अर्ध्या मैलावर, एवढी माणसं एवढ्या जंगलात विरून जातात, खड्ड्यात जे पुरायचं ते पुरतात, माती आपलं काम करते. आणि आपण किती होतो? मी परत येऊन मोजलं, फोटोतून. ११ गाड्या, ३८ माणसं, १४ तंबू, एक दहा बाय वीसचा मांडव आणि एक कॅरम. हे पांगणं नाही, ही खंडोबाची जत्रा आहे, फक्त भंडारा उधळायचा राहिला.

यावर आपल्या एका काकांनी मला फोनवर ऐकवलं की अरे पंचाहत्तरच्या खाली परमिट लागत नाही, मी वाचलंय. काका, बरोबर वाचलंय तुम्ही. ७५ किंवा जास्त माणसं असतील तर ग्रुपचं परमिट लागतं, त्याच्या खाली लागत नाही. पण तो आकडा कागदाचा आहे, मातीचा नाही. आता हिशोब करू, लाज सोडून करू. संडासासाठी सहा ते आठ इंच खोल खड्डा, पाण्यापासून, पायवाटेपासून, तंबूंपासून दोनशे फूट लांब, म्हणजे साधारण सत्तर मोठी पावलं. ३८ माणसं, दोन सकाळी. लहान मुलं आणि "मला होतच नाही बाहेर" म्हणणारे वजा करा, तरी पन्नास-साठ खड्डे झाले पाहिजेत. मुरमात. ज्या जमिनीत तंबूची खुंटी जात नव्हती तिथे आठ इंच. आणि आपल्याकडे फावडी किती होती? दोन. त्यातलं एक माझं, आणि ते रविवारी सकाळी मला जसंच्या तसं कोरडं मिळालं. मी आणि बायको पाणी आणायला ओढ्याकडे जात होतो तेव्हा वाटेत झुडपांच्या मागे पांढरी फुलं फुललेली होती, वेट वाइप्सची. ते कुजत नाहीत हो, प्लॅस्टिक असतं त्यात. आम्ही ग्लोव्हज घालून एक अख्खी पिशवी भरली. बायको घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि ती माझ्यावर का चिडली होती ते मला बरोबर कळत होतं.

कारण त्या जागेचा पिन ग्रुपवर मीच टाकला होता.

ही जागा मला सहा वर्षांपूर्वी सापडली, एका फाट्यावर चुकून वळलो म्हणून. तेव्हापासून वर्षातून दोनदा आम्ही दोघं, कधी अजून एक जोडपं, तिथे जायचो. एकदा पहाटे एल्क हरणांचा कळप तंबूच्या इतक्या जवळून गेला की त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग गेल्या मार्चमधे ग्रुपवर कोणीतरी विचारलं, कोणाला चांगला स्पॉट माहितीये का, आणि मला काय हौस, अडीचशे लोकांच्या ग्रुपवर मी पिन टाकला, वर लिहिलं "हिडन जेम". ३१ लोकांनी अंगठा दाखवला. त्या वेळी फार छान वाटलं होतं मला. आता ऐकतोय की आपल्या ग्रुपमधून तो पिन दुसऱ्या दोन ग्रुपमधे गेला, आणि तिथून कुठे गेला असेल ते तो विठ्ठल जाणे. तेव्हा हे पत्र लिहिणारा धुतल्या तांदळासारखा आहे असं कृपया समजू नका, शिट्टी राहिली नसती तर मीही घरी जाऊन फोटोच टाकले असते.

कचऱ्याबद्दल दोन शब्द. आपण कचरा उचलला होता, मला मान्य आहे, चार काळ्या पिशव्या भरल्या होत्या, कौतुक आहे. पण कोथिंबिरीची देठं, कांद्याची सालं, उरलेले पोहे झुडपात टाकलेले होते आणि विचारलं असतं तर उत्तर आलं असतं की ओला कचरा आहे, पक्षी खातील. कोरड्या हवेत आणि त्या उंचीवर संत्र्याचं साल पण लवकर कुजत नाही, आणि पोहे पक्ष्यांआधी दुसरंच कोणीतरी खातं. शनिवारी चिपमंकांनी, त्या पट्टेरी छोट्या खारींनी, भाकरवडीचं पाकीट फाडलं तेव्हा सगळ्यांनी व्हिडिओ काढले. पण रात्री पिशव्या मांडवाच्या खांबाला बांधून ठेवल्या होत्या आणि त्या जंगलात काळी अस्वलं आहेत. अस्वल एकदा माणसाच्या जेवणाला सोकावलं की ते तंबू, गाड्या, घरं हुंगत फिरतं आणि शेवटी त्याला मारून टाकतात. पोह्यांपायी. पिशव्या गाडीत बंद ठेवायच्या, एवढं साधं होतं.

आणि ते ॲस्पेनचं झाड. पांढऱ्या खोडाचं, ओढ्याच्या वळणावरचं. त्यावर कोणीतरी चाकूने नाव कोरलंय, दोन नावं आणि मधे बदाम. देवनागरीत. ॲस्पेनची साल पातळ असते, जिवंत असते, कोरलं की तिथे काळा वण उठतो आणि तो झाड जगेल तोवर राहतो, आणि त्या जखमेतून बुरशी शिरली तर झाडच जातं. रेंजर बाईने पण ते बघितलं आणि मला विचारलं, ही कुठली भाषा. मी सांगितलं. काय करणार, खोटं बोलावंसं वाटलं होतं, हिंदी म्हणून सांगावं असं क्षणभर डोक्यात आलं होतं, पण नाही जमलं. नावं मी इथे लिहीत नाही. ज्यांची आहेत त्यांना एवढंच, सुखाने नांदा.

स्पीकरचं पण लिहायचं की नको असा विचार करत होतो. रात्री अकरापर्यंत ढोल-ताशा लावला होता, मी पण नाचलो, कबूल. पण पलीकडच्या वळणावर एक म्हातारे गृहस्थ एकटेच तंबू लावून होते, संध्याकाळी ओढ्यात मासे पकडत होते, आपल्या मुलांना त्यांनी गळ दाखवला होता. सकाळी सहाला मी उठलो तर त्यांची जागा रिकामी. भांडले नाहीत, सांगायलाही आले नाहीत, रात्रीतच गेले असावेत. भांडायला आले असते तर मला बरं वाटलं असतं.

सगळ्या ट्रिपमधे सगळ्यात शहाणं वागणारी व्यक्ती कोण होती सांगू? सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या त्या सिंधुदुर्गातल्या आजी. मुलं शेकोटीसाठी हिरव्या फांद्या ओढत होती तेव्हा त्या खुर्चीतून उठून गेल्या आणि म्हणाल्या, आमच्या देवराईत वाळकी काडी पण कोणी उचलत नाही, आणि तुम्ही ओली मोडताय? इथला नियम देवराईइतका कडक नाही, खाली पडलेलं वाळकं लाकूड शेकोटीपुरतं घेतलेलं चालतं, उभं झाड तोडायचं नाही. पण आजींना नकाशा, वेबसाईट, नियम काही माहीत नव्हतं आणि तरी त्यांना कळलं की ही जागा कोणाची तरी आहे. आपल्याला वाटलं की कोणाचीच नाही. सरकारी म्हणजे बेवारशी हे आपण विमानात बसताना बरोबर घेऊन आलोय बहुतेक.

तर मागणं काय आहे माझं. ॲडमिन मंडळींनी प्लीज हे वाचाच, वरचं नाही वाचलं तरी चालेल.

ज्या ट्रिपला दहाच्या वर माणसं होणार ती ट्रिप डिस्पर्स्ड करायची नाही. एवढंच. मोठी ट्रिप बंद करा असं मी म्हणत नाही, मला पण मांडव, कॅरम आणि रात्रीच्या गाण्यांच्या भेंड्या हव्याच आहेत, त्यासाठी ग्रुप कॅम्पग्राउंड असतात, तिथे संडास असतो, लोखंडी कडं असतं शेकोटीला, कचरापेटी असते, तीस-चाळीस माणसं बसतील एवढी जागा असते. ती महिनोन्‌महिने आधी बुक होतात हे खरंय, मग जानेवारीत बुक करा ना, गणपतीचा हॉल आपण किती आधी बुक करतो? पैसे पडतात, माणशी एका बिर्याणीपेक्षा कमी पडतात.

आणि ज्यांना खरंच पांगून जायचंय त्यांनी दोन गाड्या, फार तर तीन, असं जावं आणि जागा आपली आपण शोधावी. शोधण्यात अर्धी मजा आहे, मी शपथेवर सांगतो. पिन ग्रुपवर टाकायचा नाही, ॲडमिननी दिसला की काढायचा, पहिला माझा काढा. कोणी विचारलं तर जागा सांगू नका, नकाशा कसा वाचायचा ते शिकवा, मी एका रविवारी माझ्या घरी बसून सगळ्यांना शिकवायला तयार आहे, चहा माझा. रेंजर ऑफिसला एक फोन करायचा निघायच्या आधी, आगबंदी आहे का, रस्ता उघडा आहे का, ते लोक नीट सांगतात. आपण परत आल्यानंतर तीनच आठवड्यांत आगबंदीचं स्टेज वन लागलं, म्हणजे डिस्पर्स्ड जागेत शेकोटी पूर्ण बंद, फक्त बटणाने बंद होणारा गॅस चालतो. माझं तर म्हणणं आहे की उन्हाळ्यात बंदी असो नसो, आपण शेकोटी करूच नये, ज्या माणसांना ती विझवता येत नाही त्यांनी ती लावू नये. गॅसवर चहा होतो. भुट्टा पण होतो, जरा वेळ लागतो.

तुम्ही म्हणाल एवढं काय मनाला लावून घेतोस, एवढं मोठं जंगल आहे. तर रॅम्पार्ट रेंजच्या रस्त्याला जाऊन या. तिथे पण कधीकाळी कुठेही राहता यायचं, आता नंबर लावलेले खांब आहेत, त्या नंबरावरच राहायचं, खांब रिकामा नसेल तर घरी जायचं. क्रेस्टेड ब्यूट गावाच्या आजूबाजूच्या दऱ्यांत पण तेच झालं. फॉरेस्टवाल्यांना हौस नाहीये खांब ठोकायची, त्यांच्याकडे माणसं कमी आहेत, पैसे कमी आहेत, पण एका ओढ्याकाठी पन्नास शेकोट्या आणि झुडपामागे पांढरी फुलं झाली की दुसरं काय करणार. रेंजर बाई जाता जाता म्हणालीच की या रस्त्याचा पण विचार चाललाय. मी विचारलं नाही किती विचार चाललाय. नऊ कुकर पाणी ओतलेल्या माणसाने काय विचारायचं.

जाता जाता अजून एक, वर पण बघत जा तंबू लावताना. त्या भागात किड्याने मारलेली उभी वाळलेली झाडं खूप आहेत, वाऱ्याला कधीही पडतात. आपला मांडव बरोबर अशा एका झाडाखाली होता, मला दुसऱ्या दिवशी दिसलं. नशीब आपलं.

आता शेवटचं. पुढच्या शनिवारी मी तिथे परत चाललोय. उरलेले वाइप्स, त्या झुडपातले कांदे, आणि आपण नव्याने मांडलेली दुसरी दोन दगडांची कडी मोडून दगड परत टाकायचेत, एक जुनं कडं पुरे आहे तिथे. माझ्या गाडीत तीन जागा आहेत, बायको येतेय, म्हणजे बोलतेय आता. कोणी येणार असेल तर मला वेगळा मेसेज करा, ग्रुपवर नको, नाहीतर परत ११ गाड्या होतील. ग्लोव्हज, पिशव्या, दोन फावडी माझ्याकडे आहेत. जेवायला पोळीभाजी घरूनच नेऊ, तिथे काही शिजवायचं नाही.

तसंही शिट्टी अजून सापडलेली नाही. मांडव जिथे होता तिथे, कॅरमच्या बाजूला, जरा बघू सगळे मिळून.

तुमचाच,
पिन टाकणारा